बदललेला सायलेन्सर कायद्यात बसतो का?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलनं देहूरोड सोडलं की बेगडेवाडी आणि मग घोरावाडी येतं. स्टेशन छोटं, पण परिसर रस्त्यांच्या ऐन वर्दळीतला. घोरावडेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि थोड्या अंतरावर किवळ्याहून निघणारा द्रुतगती मार्ग. डोंगरावर प्राचीन बौद्ध लेणी आहेत, लेण्यांतच महादेवाचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथं मोठी गर्दी होते. देहूचे तुकोबा एकांतासाठी भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या डोंगरांवर येऊन बसत, असं वारकरी परंपरा मानते.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र या डोंगराखालून आवाजाचा लोंढा वाहत असतो. त्याला कारणही आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे पुण्याहून लोणावळ्याला, भुशी धरणाला निघालेली प्रत्येक बुलेट आणि प्रत्येक स्पोर्ट्स बाइक देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत या वस्तीच्या रस्त्यानंच जाते. टोल चुकवणाऱ्या किंवा मजेत गाडी हाकायला निघालेल्या मोटारीही तोच रस्ता धरतात. यातल्या बहुतेक गाड्या आपापल्या आवाजात निमूट जातात. पण मधूनच एखादी गाडी अशी येते, की घराच्या काचा थरथरतात आणि तान्हं मूल दचकून उठतं. तिचा कंपनीचा सायलेन्सर काढलेला असतो आणि त्या जागी बाजारातून आणलेला दुसरा बसवलेला असतो.

हा दुसरा सायलेन्सर कायद्यात बसतो का? विकणारा सांगतो, ‘‘बिनधास्त लावा, डेसिबलमध्ये आहे.’’ घेणारा विश्वास ठेवतो, कारण त्याला तेच ऐकायचं असतं. या एका वाक्यात किती तथ्य आहे, ते नीट तपासून पाहण्याजोगं आहे.

सायलेन्सर करतो काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच जळालेला वायू मोठ्या दाबानं बाहेर झेपावतो. दर वेळी एक धक्का. चार सिलिंडरची पेट्रोल मोटार मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर असे १०० धक्के एका सेकंदात बसतात. बुलेटच्या एका सिलिंडरमधून तेवढ्याच फेऱ्यांवर सेकंदाला २५ धक्के निघतात, म्हणून तिचा ठोका सुटा-सुटा ऐकू येतो. हे धक्के तसेच मोकळ्या हवेत सोडले, तर शेजारी उभं राहणं अशक्य होईल.

मावळात डोंगरउतारावरचं पाणी एकदम खाली सोडत नाहीत. बांधाबांधाला अडवत, या खाचरातून त्या खाचरात उतरवत त्याचा जोर मोडतात. सायलेन्सर वायूचा जोर असाच टप्प्याटप्प्यानं मोडतो. वायू अरुंद नळीतून रुंद कप्प्यात येतो आणि पसरतो. कप्प्याच्या भिंतीवरून परतलेली ध्वनिलहर मागून येणाऱ्या लहरीला छेद देते. मोटारीत वाटेत एक रेझोनेटर असतो, तो ठरावीक पट्टीतला घुमारा खाऊन टाकतो. काही सायलेन्सरांत भोकं पाडलेल्या नळीभोवती काचेच्या तंतूंचा थर असतो, तो किरटा आवाज शोषतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुळात विषारी वायूंचं प्रमाण कमी करण्यासाठी बसवलेला असतो, पण त्याच्या जाळीदार गाभ्यातून जाताना आवाजही मंदावतो.

बाजारातला ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर यातले काही टप्पे गाळतो. नळी सरळ, कप्पे कमी किंवा नाहीतच. मोटारीत कुणी फक्त शेवटचा मफलर बदलतो, कुणी रेझोनेटर कापून तिथं सरळ पाइप जोडतो, कुणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतो. दुचाकीत ‘पुंगळी काढणं’ हा सर्वांत स्वस्त मार्ग. आतली नळी उपसली की काम झालं. पंजाबी, इंदोरी अशा नावांनी विकले जाणारे सायलेन्सर याच घराण्यातले. आणि फटाक्यासारखा जो बार ऐकू येतो, तो न जळलेलं इंधन सिलिंडरऐवजी गरम नळीत जाऊन पेटल्याचा असतो. मोटारीत हे घडावं म्हणून संगणकातलं इंधनाचं गणितच बदलून घेतलं जातं.

यानं ताकद वाढते, असं सांगतात. शर्यतीच्या गाडीत संपूर्ण इंजिनच त्या बेतानं बांधलेलं असतं, तिथं नळीचा फरक दिसतो. रोजच्या मोटारीत नुसता मफलर बदलून चाकाला मिळणारी जास्तीची ताकद नगण्य असते. वाढतो तो आवाज, आणि आवाजामुळे वेगाचा भास.

कायद्यातला आकडा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम सायलेन्सरचा आहे. प्रत्येक मोटार वाहनाला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा, असं तो सांगतो. वाहन आवाजाच्या मानकांत बसेल असं बनवलं पाहिजे आणि तसंच राखलंही पाहिजे, हेही त्यातच आहे. ही मानकं पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत दिली आहेत. चालकासह नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीला मर्यादा ७४ डेसिबल. दुचाकींना ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८०. म्हणजे ३५० सीसीच्या बुलेटची मर्यादा ८० आणि मोटारीची त्याहून सहा डेसिबल कमी.

हा आकडा मोजतात कसा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मोकळ्या, सपाट चाचणीपट्टीवर गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर दोन्ही बाजूंना मायक्रोफोन लावतात. मोटार ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं येते. ठरलेल्या रेषेवर पोचताच चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो आणि २० मीटरचा टप्पा तशीच पार करतो. त्या क्षणांत नोंदला गेलेला सर्वाधिक आवाज मर्यादेच्या आत असला पाहिजे. अशा मान्यता-चाचण्या करणारी देशातली एक प्रमुख संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’. पिंपरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात तयार होऊन देशभर विकली जाणारी प्रत्येक मोटार अशी मान्यता घेऊनच बाजारात येते. घोरावाडीच्या पुढच्याच स्टेशनाच्या परिसरात, तळेगावात, जनरल मोटर्सनं २००८ मध्ये सुरू केलेला आणि पुढे ह्युंदाईनं घेतलेला कारखाना आहे. शांत गाडी कशी बनवायची, हे या भागाला बाहेरून कुणी शिकवायला नको.

मान्यता मिळते ती इंजिन, एअर फिल्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर या सगळ्यांसकट एका जुळणीला. बाजारातून आणलेली नळी त्या चाचणीत नव्हतीच.

प्रश्न डेसिबलचा आहे का?

‘डेसिबलमध्ये आहे’ हा दावा इथंच लंगडा पडतो. आपल्याकडे कायद्याचा पहिला प्रश्न ‘आवाज किती?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘गाडी बनवणाऱ्यानं जशी दिली तशी ती आहे का?’

मोटार वाहन कायदा, १९८८ चं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीचं किंवा विजेवर चालण्याचं मान्यताप्राप्त किट बसवण्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यांची वाट ठरलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं ‘१८२ अ’ हे कलम आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आवाजासाठी वेगळी कलमंही आहेत. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली, तर १९० व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता. सायलेन्सर टाळून वायू दुसऱ्याच वाटेनं सोडणारा ‘कट-आउट’ वापरला, तर ‘१९४ फ’ कलमाखाली पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड. बटण दाबलं की उघडणारी झडप बाजारातून आणून बसवणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं. ‘वस्तीत मी ती बंद ठेवतो’ हे उत्तर तिथं पुरत नाही.

एक गोष्ट इथं न्यायानं सांगितली पाहिजे. सायलेन्सर गंजला, फुटला आणि मालकानं कंपनीचाच किंवा त्याच मॉडेलसाठी कंपनीनं मान्य केलेला नवा बसवला, तर त्यात काहीही गैर नाही. उलट फुटका सायलेन्सर तसाच ठेवणं हाच नियमभंग, कारण गाडी मानकात ‘राखणं’ ही मालकाची जबाबदारी आहे.

खोक्यावरचा शिक्का आणि दुसऱ्या देशाचा आकडा

महागड्या परदेशी नळ्यांच्या खोक्यावर गोलात ‘ई’ आणि एक अंक असा शिक्का असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार मिळालेली ही मान्यता आहे. मोटारीच्या बदली सायलेन्सरसाठी ५९ वा नियम, मोटारसायकलसाठी ९२ वा. ज्या १९५८ च्या करारानुसार देश एकमेकांचे हे शिक्के मान्य करतात, त्यात भारत सहभागी नाही. आपण १९९८ च्या दुसऱ्या करारात आहोत आणि त्यात परस्पर मान्यतेची अट नाही. शिवाय युरोपातही ती मान्यता ठरावीक मॉडेलपुरतीच असते. तेव्हा तो शिक्का नळीच्या दर्जाबद्दल काही सांगत असेल, पण सोमाटणे फाट्यावर तो परवाना म्हणून चालत नाही.

दुसरा घोळ ‘९५ डेसिबल’ या आकड्याचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मोटारीच्या एक्झॉस्टला ही मर्यादा आहे. तिथल्या कंपन्या तो आकडा जाहिरातीत छापतात आणि इथले विक्रेते तो पुढे रेटतात. पण ते मोजमाप उभ्या गाडीचं आहे. मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अवघ्या अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात. आपला ७४ चा आकडा धावत्या गाडीचा, साडेसात मीटरवरचा. अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटरवर आलं, की नुसत्या अंतरामुळे सुमारे २३ डेसिबल कमी होतात. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘९५ म्हणजे फार’ असंही म्हणता येत नाही आणि ‘९५ चालतं’ असंही नाही. मोजण्याची रीत वेगळी, तर आकडाही वेगळा. मोबाइलमधल्या ॲपवर दिसणारा आकडा तर कुठल्याच रीतीतला नसतो.

वीस डेसिबल म्हणजे किती?

डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. कानाला मात्र दहाची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. समजा, एखाद्या मोटारीची नळी बदलल्यावर त्याच चाचणीत ७४ ऐवजी ९४ नोंदले गेले. ऊर्जा शंभरपट झाली. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो आणि दहापट झालं की वीसनं. म्हणजे ही गाडी ७५ मीटरवरच्या घराला तेवढी ऐकू जाईल, जेवढी मूळ गाडी साडेसात मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू गेली असती. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेतल्या घरांचा त्रास आता मागच्या तिसऱ्या-चौथ्या गल्लीत पोचला.

निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ च्या खाली असावा, अशी शिफारस केली. हे सगळे सरासरीचे हिशोब. रात्री दोन वाजता आलेली एकच गाडी सरासरीत बुडून जाते, पण झोप तिनंच मोडलेली असते. पहाटेच्या पाळीला कारखान्यात जाणारा कामगार, रुग्णालयातला आजारी माणूस, परीक्षेच्या आधी दोन घटका डोळा लागलेली मुलगी, यांच्या वाट्याला सरासरी येत नाही, तो एक बार येतो. आवाजाच्या त्रासाविना घरात शांतपणे राहणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरील निकालात घेतली. महाराष्ट्रात ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये आवाजाच्या नियमांची अंमलबजावणी करा, असं शासनाला बजावलं.

मोठ्या नळीच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी होतो. आवाज मोठा असला की समोरच्याला गाडी येतेय हे कळतं आणि अपघात टळतो. पण नळीचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक वेळा पुढून किंवा बाजूनं येतो. काचा वर करून एसी लावलेल्या पुढच्या गाडीतल्या चालकाला तो आवाज पोचतो, तोवर उशीर झालेला असतो. सावध करण्यासाठी हॉर्न, दिवे आणि अंतर ही साधनं आहेत.

नियम आहे, मग अडतं कुठं?

सहा महिन्यांनी किंवा वर्षानं आपण पीयूसी काढतो. तिथं धूर आणि वायू तपासतात, आवाज तपासत नाहीत. त्यामुळे बदललेल्या सायलेन्सरची गाडी हातात वैध पीयूसी घेऊन फिरू शकते. फाट्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला ७४ डेसिबलची चाचणी घेणं शक्य नाही. त्याला ना तशी पट्टी मिळते, ना भोवतालची शांतता. तो कानानं ओळखतो, वाकून नळी पाहतो आणि बदलाच्या कलमावर चलान करतो. कायद्याचा भर मोजण्यापेक्षा मूळ रचनेवर ठेवणं किती उपयोगाचं आहे, ते इथं लक्षात येतं. कंपनीची नळी जागेवर आहे की नाही, हे डोळ्यांना दिसतं.

नागपूर-पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर भर रस्त्यात रोडरोलर फिरवला, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातून धाक बसतो. पण मावळात अडचण आणखी आहे. देहूरोड आणि तळेगाव पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाकडे, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. पाऊण तासाच्या प्रवासात गाडी हद्द ओलांडून जाते. आणि वर सांगितलेली कलमं मालकाला, चालकाला उद्देशून आहेत. नळी विकणारं दुकान आणि ती जोडून देणारं गॅरेज दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं असतं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. युरोपात वाहनाच्या नोंदणीपत्रावरच त्या गाडीचा आवाज लिहिलेला असतो: उभ्या गाडीचा किती, तो किती फेऱ्यांवर मोजला, आणि धावत्या गाडीचा किती. रस्त्यावरचा अधिकारी नळीपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरतो, तेवढ्याच फेऱ्यांवर इंजिन चालवायला सांगतो आणि आकडा कागदाशी ताडून पाहतो. पट्टी लागत नाही, वाद राहत नाही. उभ्या वाहनाचा आवाज मोजण्याची भारतीय मानक पद्धतही तयार आहे, आयएस १०३९९. आपल्याकडे निम्मं काम झालेलंही आहे. एप्रिल २०१७ पासून उत्पादकाला ‘फॉर्म २२’ मध्ये हॉर्नचा आणि धावत्या गाडीचा आवाज लिहून द्यावा लागतो. त्यात उभ्या गाडीचा आकडा वाढवावा, तो आरसीवर यावा आणि पीयूसी केंद्रावर धुरासोबत तोही तपासला जावा. म्हणजे एमएच-१४ च्या गाडीला घोरावाडीत एक न्याय आणि लोणावळ्यात दुसरा, असं होणार नाही. चुकून पकडल्या गेलेल्या प्रामाणिक मालकालाही आपली बाजू आकड्यानं मांडता येईल.

तोवर मालकाच्या हातात बरंच आहे. नळी घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारावं, ‘‘माझ्या मॉडेलला ही गाडीच्या कंपनीनं मान्य केली आहे का? तसं लिहून द्याल का?’’ लेखी मिळत नसेल, तर तोंडी ‘डेसिबलमध्ये आहे’ याला काही किंमत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून देतो म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच परत आणावी. बीएस-६ मोटारीत त्याच्या पुढे-मागे सेन्सर असतात, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, आणि आवाजाबरोबर विषारी वायूही मोकळे सुटतात. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात असा बदल आड येऊ शकतो, तो हिशोबही करावा. जुनी गाडी घेताना वाकून नळी पाहावी, कारण विकत घेतलेल्या बदलाचं चलान नव्या मालकाच्या नावावर फाटतं.

गाडीची हौस असणं चांगलंच. उत्तम जुळवलेल्या इंजिनाचा ठोका ऐकून ज्याला आनंद होतो, तो यंत्र जाणणारा माणूस असतो. त्या हौसेसाठी बंदिस्त ट्रॅक आहेत, तिथं नळ्या मोकळ्या करून गाडी पळवावी. जुन्या महामार्गाच्या कडेला मात्र माणसं राहतात. द्रुतगती मार्ग झाला तेव्हा दुचाकींची वाट त्यांच्या दारावरून जाणार, हे त्यांना विचारून ठरलेलं नव्हतं. गाडी कंपनीनं दिली तशी ठेवणं, एवढीच अपेक्षा कायदा करतो, आणि ती पाळायला कुणालाही एक रुपयासुद्धा खर्च येत नाही.